सरळ पाठीचा कुत्रा

आमची खोली गोदामाच्या फाटकाला लागून होती. वर पत्रा, खाली कोबा, आणि मागच्या भिंतीपलीकडे सुताच्या गोण्यांची थप्पी. नारपोलीतली ती गल्ली म्हणजे दोन्ही अंगांना लूमचे कारखाने. शिफ्ट बदलायची, माणसं बदलायची, खटखट तीच. त्या आवाजातच आम्ही जेवायचो, भांडायचो आणि झोपायचो. गावाकडचे पाहुणे आले की ओरडून बोलायचे आणि आम्हाला वाटायचं, हे ओरडतात कशाला? पाणी एक दिवसाआड. संडास आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. आई शेजारच्या कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे लूमसाठी नळ्यांवर सूत गुंडाळायला जायची. बाबा गोदामाचे वॉचमन. खोली नोकरीबरोबर मिळालेली, म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचा पत्राही गेला.

खारबावला उतरून पुढे चालत जायचं, असं आमचं गाव. तिथे काकांचं घर आहे, आमचं नाही. जमीन आजोबा असतानाच गेली. बाबांकडे गावातली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे बैलांची पारख. पंचक्रोशीत कोणाला बैल घ्यायचा असला की बाबांना बोलावणं यायचं. ते बैलाच्या मागे उभे राहायचे, पुढे उभे राहायचे, खूर बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे. भिवंडीत आल्यावर ती पारख विचारायला कोण येणार? हे रडगाणं नाही. आम्हाला भीती नेमकी कशाची होती ते कळावं, म्हणून आधी सांगितलं.

आता मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मार्चमध्ये परीक्षेच्या वर्गात सुपरव्हिजनला उभी असते. खिडकीतून गरम वारा येतो, पोरं माना खाली घालून लिहीत असतात, आणि माझे कान फरशीकडे लागलेले असतात. कोणाची पट्टी खाली पडून घासली गेली तरी मानेवरचे केस उभे राहतात. कोब्यावर कुत्र्याची नखं वाजावीत तसा तो आवाज असतो. मग मला त्या वर्षीचा उन्हाळा आठवतो. माझं बी.एससी.चं शेवटचं वर्ष होतं, आणि आमच्या दारात कैसर बांधलेला होता.

कैसरच्या आधी शेरू होता. जर्मन शेफर्डच. काळ्या-तांबड्या झुपकेदार अंगाचा, मोठ्या डोक्याचा, आणि पाठ मागे उतरत गेलेली, जणू उभा असतानाच बसायला लागलाय. दिसायला असा की टेम्पोवाले लांबूनच हॉर्न द्यायचे. स्वभावाने मात्र गरीब. भुंकायचा दणदणीत, पण भुंकून झालं की काम झालं. आई त्याला भाकरी टाकताना रोज शिव्या द्यायची आणि त्याच्याच अंगाला टेकून तांदूळ निवडायची. गोदामाचे मालक सलीमशेठ कुत्र्याला हात लावत नसत, कपडे नापाक होतात म्हणत, पण त्यांची नात शेरूच्या पाठीवर बसून फाटकापर्यंत जायची आणि शेठ नुसते हसत उभे राहायचे. थंडीच्या सुरुवातीला शेरू म्हातारपणाने गेला. आम्ही सगळे त्याच्यावरून एकच गोष्ट शिकलो होतो, की जर्मन शेफर्ड असा असतो.

नवा कुत्रा आणायचं ठरलं तेव्हा शेठ म्हणाले, बाळाराम, तू चल, तुला जनावर कळतं. किती दिवसांनी कोणी बाबांना असं बोलावलं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मलाही सोबत घेतलं, कारण मी प्राणीशास्त्राची विद्यार्थिनी, आणि ते शेठना सांगायची बाबांना हौस.

पडघ्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर कुत्र्यांची पैदास करणारा माणूस होता. त्याने दोन कुत्रे बाहेर काढले. पहिला हुबेहूब शेरू. तसाच काळा-तांबडा, तशीच उतरती पाठ, येऊन शेठच्या चपलांजवळ बसला. दुसरा करडा, रानातल्या लांडग्याच्या रंगाचा. अंगाने बारीक, पाठ पाटासारखी सरळ, पाय लोखंडी. वर्षाचा असेल. तो कोणाकडे आला नाही. साखळीच्या टोकाला उभा राहून आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला. तो माणूस सांगत होता की दोघं एकाच जातीचे, पण वेगवेगळ्या लाइनचे, म्हणजे घराण्यांचे. एक शोच्या, प्रदर्शनात मिरवायच्या लाइनचा, एक कामाच्या. करड्याला थोडं शिकवलेलंही आहे, एकाने नेऊन परत दिलाय. कुत्री विकणारे काय काय सांगतात, डबल बोन म्हणतात, डबल कोट म्हणतात. हेही तसलंच बोलणं असणार, असं आम्ही धरून चाललो.

बाबा पहिल्याच्या मागे उभे राहिले, मग पुढे. कमरेवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. मग करड्याचे पंजे बघितले, मागच्या पायांची जास्तीची नखं बघितली. वीसनखी. गावात वीसनखी कुत्र्याला मान असतो.

“शेठ, पहिला कमरेत बसलाय. असा बैल दोन वर्षांत खाली बसतो. यो करडा घ्या. यो जनावर हाय.”

बैल म्हणून बघितलं तर बाबांचं एक अक्षरही चुकलं नव्हतं. आजही मी हे म्हणेन. पण फाटकावर नुसता दिसायला कुत्रा हवा होता, आणि बाबांनी नांगराला जुंपायचं जनावर निवडलं. दोघांतला फरक आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता.

कैसर भुंकत नसे. भीतीची सुरुवात तिथून झाली. शेरू भुंकला की कळायचं कोणी आलंय. कैसर उठून उभा राहायचा, बस. सावलीत असेल तर सावलीतून बाहेर यायचा आणि साखळी ताणली जाईपर्यंत पुढे यायचा. लूमच्या खटखटीत ना साखळी ऐकू यायची ना पाय. मान वर केली की तो आधीच तिथे असायचा.

त्याच्या साखळीने आवाराच्या मातीत एक गोल कोरला होता. दिवसभर तो त्याच गोलात फिरायचा, एकाच दिशेने, त्यामुळे कडेची माती पिठासारखी झाली होती. गोल आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी वाट उरायची. संडासला जायचं तर तीच वाट. आई आणि मी पाठ भिंतीला घासत जायचो. हातात पाण्याचं टमरेल आणि नजर त्याच्या डोळ्यांवर. तो आमच्याबरोबर गोलाच्या कडेने चालत यायचा, आम्ही थांबलो की थांबायचा. माझ्या सगळ्या कुर्त्यांच्या पाठी त्या वर्षी भिंतीच्या चुन्याने पांढऱ्या झाल्या. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, कुठे टेकतेस गं एवढी? मी हसून टाळायचे.

आई त्याचं नाव घ्यायची नाही. “तो जेवला का?” म्हणायची. “तो कुठाय?” म्हणायची. तो जेवत असला की आम्ही घाईघाईने पाणी भरून घ्यायचो. बायकांनी अशा वेळा सांभाळून जगायची सवय गावातही असते, पण ती माणसांमुळे. कुत्र्यामुळे पहिल्यांदाच. आई एकदा बाबांना म्हणाली, “शेठला सांगा, एवढाच खानदानी हाय तर तुमच्या हॉलमधी सोफ्याला बांधा.” बाबा हसले नाहीत. इतर वेळी हसले असते.

आणि शुक्रवार. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. आठवडाभर ज्या आवाजात आपण राहतो तो एकदम काढून घेतला की कान रिकामे पडतात. मग बारीकसारीक ऐकू यायला लागतं. नळाचा थेंब, दूरची अजान, आणि गोलाला एका बाजूने छेदणाऱ्या कोब्याच्या पट्टीवरून जाणारी नखं. टक टक टक टक, वळण, पुन्हा टक टक. मी खोलीत आनुवंशिकीचा धडा उघडून बसलेली असायचे, आणि एक ओळ तीन वेळा वाचूनही पुढे जायचे नाही, कारण मी नखं ऐकत असायचे. नखं थांबली की जास्त भीती वाटायची. थांबली म्हणजे तो बघतोय. कोणाकडे? आई बाहेर आहे का? मी उठून दाराच्या फटीतून बघायचे. तो दाराकडेच बघत असायचा.

एका सकाळी बाबांनी ठरवलं की याची रग जिरवायची. मारका बैल आवरायचा तर त्याच्या तोंडावर गोणपाट टाकतात. डोळ्यांपुढे अंधार झाला की जनावर थांबतं. बाबांनी हे शंभरदा केलेलं. त्यांनी गोणपाट डाव्या हाताला गुंडाळलं आणि गोलाच्या आत पाऊल टाकलं.

मी उंबऱ्यावर होते. कैसर पळत आला असं मी म्हणू शकत नाही, कारण पळताना तो मला दिसलाच नाही. तो होता तिथे नव्हता आणि बाबांच्या हाताला लटकलेला होता. आवाज नाही, गुरगुर नाही. बाबा एकदा फिरले, तो त्यांच्याबरोबर हवेत फिरला. मग बाबांचे पाय थिजले. हात, मान, सगळं थिजलं. आणि ज्या क्षणी बाबा दगडासारखे उभे राहिले, त्या क्षणी त्याने हात सोडला, दोन पावलं मागे जाऊन बसला आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला. शेपूट मातीवर हळूहळू हलत होती.

बाबा उलटे चालत गोलाबाहेर आले. नळावर गोणपाट सोडलं तेव्हा कोपराखाली दातांच्या काळ्यानिळ्या खुणा होत्या, दोन ठिकाणी रक्त. आईला सांगू नकोस, म्हणाले. मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, सुया सुरू केल्या. रिक्षात त्यांनी दुसऱ्या हाताने दांडा पकडला होता आणि तो हात थरथरत होता. रिक्षा धक्के खात होती हे खरं, पण सिग्नलला थांबली तरी हात थरथरतच होता. बाबांना जनावराची भीती वाटते, हे मी तोपर्यंत कधी बघितलं नव्हतं. मला कुत्र्याच्या दातांनी एवढं घाबरवलं नाही, जेवढं त्या हाताने घाबरवलं.

त्याच आठवड्यात सूत घेऊन आलेला टेम्पोवाला केबिनमधून उतरायलाच तयार होईना. हमाल परत गेले. शेठ आले. चिडले नाहीत, ते कधीच चिडत नसत, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं पक्कं असायचं. रोजे चालू होते, उन्हाने चेहरा उतरला होता. फाटकाबाहेरूनच बोलले.

“बाळाराम, ईदपर्यंत बघ. जमत नसेल तर सांग. एजन्सीवाले तयार आहेत, त्यांची माणसं कुत्र्यासकट येतात. फिर तुम्हारा रूम भी उन को लगेगा.”

ईदनंतर आठवड्याभराने माझी परीक्षा सुरू होणार होती. खोली गेली तर काकांच्या पडवीत जावं लागणार. खारबावहून दिवसाला गाड्या मोजक्याच, एक चुकली की पेपर चुकला, आणि पेपर चुकला की वर्ष गेलं. आमच्यात पोरीचं वर्ष गेलं की पुढचं वर्ष तिला कोणी देत नाही. लग्नाच्या मागण्या यायला लागलेल्याच होत्या. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “तुझा पेपर त्याच्या पोटात जाणार.”

भीती दोन तऱ्हेची असते, हे मला तेव्हा कळलं. एक दाताची. ती अंगात येते आणि जाते. दुसरी छपराची. ती जेवताना ताटात बसते. आमच्या घरात त्या महिन्यात दोन्ही एकाच साखळीला बांधलेल्या होत्या.

मला सारखं त्याचं ते बसणं आठवत होतं. चावून झाल्यावर बसून तोंडाकडे बघणं. पिसाळलेलं जनावर असं करत नाही, रागावलेलंही करत नाही. वर्गात आमच्या सरांनी निवडीचा धडा शिकवला होता, की माणूस पिढ्यान् पिढ्या जोड्या निवडत जातो आणि जनावर बदलत जातं. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं मी ते. त्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात बसून मोबाइलवर शोधायला लागले आणि शोधतच राहिले. व्हिडिओत दोन कुत्रे दिसले. एक उतरत्या पाठीचा, तांबडा-काळा, गोल मैदानात लांब ढांगा टाकत पळतोय, लोक टाळ्या वाजवतायत. दुसरा करडा, सरळ पाठीचा, एका माणसाच्या जाड बाही घातलेल्या हाताला लटकलाय. माणूस फिरतो, कुत्रा हवेत फिरतो. माणूस थांबतो. कुत्रा सोडतो, बसतो, तोंडाकडे बघतो.

बाबा गोणपाट गुंडाळून गोलात गेले होते. त्यांना वाटलं, आपण त्याची रग जिरवतोय. त्याला वाटलं, एकदाचं काम मिळालं.

मग मी पुढे वाचत गेले. मूळ कुत्रा एकच, मेंढ्या राखणारा. पुढे काही लोकांनी देखण्या चालीसाठी आणि रंगासाठी जोड्या लावल्या, काहींनी पोलिसांच्या कामासाठी. तिकडे जर्मन देशाचे दोन तुकडे होते तेव्हा सरहद्दीवरच्या पहाऱ्यासाठी वेगळे वाढवले, शेजारच्या देशात आणखी वेगळे. कामाच्या घराण्यातही पुन्हा प्रकार. कोणी वासावर चालणारा, कोणी पकडणारा, कोणी अजून मेंढ्यांमागेच सुखी. नाव सगळ्यांचं एक, दुरून दिसायलाही जवळपास एक. आतला कुत्रा मात्र निरनिराळा. शेरूच्या आज्या-पणज्या शांत होत्या म्हणून निवडल्या गेल्या, आणि कैसरच्या थांबायला नकार देणाऱ्या होत्या म्हणून. त्याला आपण कुंपणात बांधलं होतं आणि सांगत होतो, शेरू हो.

एक गोष्ट मनात आली, ती लिहायला हवी. माझ्याबद्दलही लोक घराणं बघूनच बोलायचे. वॉचमनची पोर, कांड्या भरणारणीची पोर, किती शिकणार. निवडीचा धडा वाचताना भीती वाटली की ते खरं असेल तर? पण कुत्र्याच्या पिढ्या दुसऱ्या कोणीतरी ठरवून लावलेल्या असतात. माझ्या आजीला कोणी शाळेच्या दारात उभं केलंच नव्हतं, मग ती शिकणाऱ्यांतली होती की नव्हती हे कोणी बघितलं? एवढा विचार करून मी घरी आले. त्यासाठी मला कोणाचं पुस्तक लागलं नाही.

बाबांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग मी त्यांना एवढंच विचारलं, की चांगला तरणा बैल पेरणीच्या दिवसांत जुंपलाच नाही, नुसता दावणीला ठेवला, तर काय करतो?

“खुंटा उपटतो,” बाबा म्हणाले. मग मोबाइल परत देत म्हणाले, “न्हायतर मालकाला मारतो. बाय, आपन त्याला उपाशी ठेवलाय.”

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी त्याला कामाला लावलं. गोणीच्या पट्ट्यांचं बैलाच्या जुपणीसारखं काहीतरी शिवलं आणि टेम्पोचा जुना टायर मागे बांधला. पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आवार रिकामं असताना, कैसर टायर ओढत चालायचा आणि बाबा मागे दोरी धरून. शेजारच्या कारखान्याचे कामगार गच्चीवरून बघायचे. ‘चाचा, हल चला रहे हो क्या? कपास बोओगे?’ असं काहीबाही ओरडायचे. मग मी मोबाइलवर बघितलेलं दुसरं काम सुचवलं. बाबा सुताचा एक रिकामा कोन, म्हणजे सूत गुंडाळायची पुठ्ठ्याची निमुळती नळी, हातात चोळून गोण्यांमध्ये लपवायचे आणि कैसर तो शोधून आणायचा. नाक खाली घालून, सगळं जग विसरून.

यात गोड काही नव्हतं. हे सोपं झालं असं कोणाला वाटू नये. पहिल्या दिवशी जुपणी चढवताना बाबांच्या कपाळावरून घाम टपकत होता आणि मी खोलीच्या दारामागे कडी हातात धरून उभी होते. कोन आणून दिल्यावर तो बाबांच्या समोर बसायचा, आणि बाबांना वाकून त्याच्या तोंडातून तो घ्यायचा असायचा. रोज घ्यायचा. प्रत्येक वेळी आई दुसरीकडे बघायची. फरक इतकाच पडला की दुपारी तो झोपायला लागला. शुक्रवारच्या शांततेत नखांऐवजी त्याच्या घोरण्याचा आवाज येऊ लागला, आणि मला त्या आवाजाचीही भीती वाटायची, कधी थांबेल म्हणून. आनुवंशिकीचा धडा मात्र संपला.

ईदच्या सकाळी गल्लीत अत्तर आणि तुपाचा वास होता. लूम बंद, पोरं नव्या कपड्यांत. दर ईदला शेठ स्वतः शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या खोलीवर यायचे, आई आधीच पातेलं घासून ठेवायची. ते उशिरा येतील असं बाबांनी धरलं होतं. ते लवकर आले. कैसर साखळीवर नव्हता. अंगावर जुपणी, मागे टायर, बाबांच्या हातात दोरी, आवाराच्या मधोमध.

फाटकाचा छोटा दरवाजा उघडला आणि शेठच्या आधी त्यांची नात आत आली. चमकीचा हिरवा घागरा, हातात डबा. तिला कुत्रा म्हणजे शेरू. शेरूला हाक मारायची तशीच हाक मारत ती सरळ पळत निघाली.

कैसरने मान वर केली. टायर मातीत सरकला. आईने माझा दंड धरला होता आणि तिची नखं माझ्या कातडीत गेलेली मला नंतर दिसली. घागऱ्याच्या टिकल्या उन्हात चमकत होत्या, आणि तो त्यांच्याकडे बघत होता, तसाच, आवाज न करता.

बाबांनी दोरीला हिसका दिला नाही. खिशातला कोन काढला, त्याच्या नाकासमोरून फिरवला आणि पोरीच्या विरुद्ध बाजूला, पार संडासच्या भिंतीकडे भिरकावला. एक क्षण तो दोन्हींच्या मध्ये राहिला. मग वळला आणि टायरसकट गेला.

“शेठ, पोरीला उचला,” बाबा म्हणाले. “आधी पोरीला उचला, मग बोलू.”

वॉचमनने शेठला असं सांगितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेठनी नातीला उचललं. डबा खाली पडला, शीरखुर्मा मातीत सांडला. कैसर कोन घेऊन आला, बाबांसमोर बसला. बाबांनी वाकून कोन घेतला, त्याला साखळीला बांधलं आणि मगच फाटकाकडे गेले.

फाटकात उभं राहून बाबांनी शेठना सगळं सांगितलं, मी सांगितलेलं त्यांच्या बोलीत. की यो कुत्रा वाईट न्हाय, पण फाटकाचा न्हाय. फाटकाला तो पहिला, कमरेत बसलेला, तोच बरा. याला कामवाल्या माणसाकडं धाडा. इथं ठेवाल तर एक दिवस यो कोणाला तरी धरेल, आणि चूक त्याची नसेल. शेठ नातीच्या केसांवरून हात फिरवत ऐकत होते. तिला त्यांनी एकदाही खाली ठेवलं नाही. मला ते बघून बरं वाटलं असं नाही, पण एकटं वाटायचं थांबलं.

शेठ म्हणाले, “एजन्सीवाला ये बात मेरे को बोलता क्या? वो बोलता, सब ठीक है साब.” मग आईकडे बघून म्हणाले, शीरखुर्मा पुन्हा पाठवतो. एजन्सीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दोन दिवसांनी पडघ्याचा माणूस गाडी घेऊन आला. सोबत एकजण होता, तो कुत्र्यांना वासाच्या कामाला तयार करायचा. त्याने कैसरला नुसतं चालवून बघितलं आणि बाबांना विचारलं, याला ओढायला कोणी शिकवलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बाबांकडे दाखवलं. कैसर गाडीत चढला, मागे वळून बघितलं नाही. बाबा मात्र गाडी वळेपर्यंत उभे होते. आईने त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. “कैसर गेला का?” म्हणाली, आणि पाण्याची बादली घेऊन आवाराच्या मधोमध, त्या गोलावरून चालत गेली. मी अजूनही भिंतीच्या कडेनेच गेले.

आजही जाते. आमच्या आताच्या इमारतीत, निजामपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गेल्या महिन्यात पिल्लू आणलं. जर्मन शेफर्ड हाय मॅडम, मुलांना बरं ना? असं त्यांनी मला जिन्यात अडवून विचारलं. मी विचारलं, कुठल्या लाइनचं? त्यांना माहीत नव्हतं. विकणाऱ्याने डबल बोन म्हणून सांगितलंय, म्हणाले. मी पिल्लाची पाठ बघितली, पण पिल्लाच्या पाठीवरून काही कळत नाही. त्याचे आईबाप बघून या, ते दिवसभर काय करतात ते बघा, मग मला सांगा, एवढं बोलून मी वर आले. दार लावल्यावर कडी दोनदा तपासली. माझ्याच घरात, एवढ्याशा पिल्लासाठी. माणसाला वाटतं, शिकलं की भीती जाते. माझी गेली नाही. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, एवढं कळायला लागलं.

त्या वर्षी ईदनंतर आठवड्याभराने माझे पेपर सुरू झाले. सगळे पेपर मी नारपोलीच्या त्याच खोलीतून उठून दिले. आनुवंशिकीच्या पेपरात निवडीवर प्रश्न आला होता आणि मी पुरवणी घेतली. उन्हाळा सरल्यावर निकाल लागला. मी प्रथम वर्गात बी.एससी. झाले. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.